जुना 'हॅलो', नवा गोंधळ: या चुका टाळा

फोनवरचा 'हॅलो' आणि 'पवित्र करणे' या अर्थाचा जुना इंग्रजी 'हॅलो' देवनागरीत जुळे दिसतात, पण नातं काहीच नाही. पहिला म्हणजे नुसती हाक. दुसऱ्याचं स्पेलिंग एच-ए-एल-एल-ओ-डब्ल्यू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'हाल्गियन' होता, 'होली' (पवित्र) आणि बहुधा 'होल' (अखंड), 'हेल्थ' यांच्या कुळातला. यात 'ए'च्या जागी 'ओ' पडला की होतो 'हॉलो', म्हणजे पोकळ. लॉर्ड्सच्या 'हॅलोड टर्फ'वर, म्हणजे क्रिकेटच्या त्या पवित्र हिरवळीवर लिहिताना हे हमखास घडतं, आणि स्पेलचेक गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

संतांच्या डोक्यामागचं वलय, 'हेलो', हेही याच घरातलं वाटतं. ते आलं ग्रीक 'हालोस'वरून, म्हणजे मळणीचं गोल खळं. आपणही चंद्राला 'खळं पडलं' म्हणतोच की!

शिमगा आला की 'होली म्हणजेच होळी' असा फॉरवर्ड फिरतो. फिरू द्या, पण पुढे पाठवू नका. होळीचं जुनं रूप 'होलाका' शबरभाष्यात, म्हणजे मीमांसा दर्शनावरच्या प्राचीन संस्कृत टीकेत आहे. इंग्रजी शब्द जर्मॅनिक घराण्यातला, जर्मन 'हायलिग'चा भाऊ.

हॅलोविनचा संबंध भोपळा पोकळ करण्याशी जोडणारेही भेटतात. इथे 'हॅलो' हे नाम आहे, अर्थ संत. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, म्हणून ३१ ऑक्टोबर त्याची पूर्वसंध्या; शेवटचा 'ईन' म्हणजे 'ईव्हनिंग'मधला 'ईव्हन', मधला 'व्ह' गळालेला.

सगळ्यात जास्त घसरतात ते ख्रिस्ती लोकांच्या प्रभूच्या प्रार्थनेत. १६११च्या इंग्रजी बायबलातल्या 'हॅलोड बी दाय नेम'चा अर्थ 'तुझे नाव पवित्र आहे' असा सांगितला जातो. 'बी' म्हणजे 'आहे' नव्हे, ती इच्छा आहे. मराठी बायबलाने ती नेमकी पकडली: 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. त्या 'जावो'तला ओकार सोडला तर मागणं जातं, नुसतं विधान उरतं.

आणि मंदिरातल्या प्राणप्रतिष्ठेच्या इंग्रजी बातमीत हा 'हॅलो' घालू नका. तिथे लॅटिन वळणाचा 'कॉन्सिक्रेट' चालतो. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ साली गेटिसबर्गच्या भाषणात 'डेडिकेट' आणि 'कॉन्सिक्रेट'नंतर 'हॅलो' वापरला खरा, पण आज क्रियापद म्हणून तो क्वचितच दिसतो; चलनात उरलाय तो 'हॅलोड'.