ताक: पोषण, आंबटपणा आणि स्वयंपाकातील नेमका वापर

ताकाविषयी काहीही ठरवण्यापूर्वी ते कसे तयार झाले आहे हे पाहावे लागते. सायीचे दही घुसळून, लोणी काढून घेतल्यावर उरते ते ताक वेगळे. दही रवीने मोडून त्यात पाणी मिसळलेले ताक वेगळे. आणि कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेले, पिशवीत मिळणारे ताक आणखी वेगळे. पहिल्यातला स्निग्धांश बहुतेक निघून गेलेला असतो, दुसऱ्यात दह्यातला सगळा स्निग्धांश तसाच राहतो आणि तिसऱ्यात अनेकदा मीठ आधीच घातलेले असते. त्यामुळे ताक हलके असते हे म्हणणे पहिल्या प्रकाराला जितके लागू पडते, तितके म्हशीच्या दुधाच्या सायीसकट दह्यापासून केलेल्या दुसऱ्या प्रकाराला पडत नाही. ताकाचा चांगला उपयोग करून घ्यायचा असेल, तर त्यात पाणी किती आहे आणि ते किती आंबले आहे, या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ताकातून मिळणारे पोषण मुख्यतः पहिल्या गोष्टीवर ठरते आणि त्याचा स्वयंपाकातला वापर दुसऱ्या गोष्टीवर.

पेल्यात काय येते

गणित सोपे आहे. १०० ग्रॅम दह्यात साधारण ३ ते ३.५ ग्रॅम प्रथिने आणि १२० ते १५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दह्याइतकेच पाणी घालून केलेल्या २०० मिलिलिटर ताकात हे सगळे येते. दह्याच्या दुप्पट पाणी घातले, तर त्याच पेल्यात सुमारे २ ग्रॅम प्रथिने आणि ८० ते १०० मिलिग्रॅम कॅल्शियम उरते. प्रौढ व्यक्तीची कॅल्शियमची रोजची गरज सुमारे १००० मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे पातळ ताकाचा एक पेला या गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा भागवतो. पातळ ताक वाईट असा याचा अर्थ नाही, कारण तहान भागवण्याचे काम तेच उत्तम करते. मात्र दूध बंद केलेल्या घरात ‘आम्ही ताक घेतो’ एवढ्यावर समाधान मानायचे असेल, तर ते ताक घट्टसर असले पाहिजे. विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांसाठी आणि वयस्कर माणसांसाठी ताक करताना पाण्याचा हात आखडता ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथिने आणि कॅल्शियम यांखेरीज ताकात पोटॅशियम, फॉस्फरस, बी-१२ आणि रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ ही जीवनसत्त्वे असतात. ताक काही वेळ स्थिर ठेवले की वर जी निवळ जमते, तिची फिकट हिरवट-पिवळी छटा रायबोफ्लेविनमुळेच असते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उजेडाने नष्ट होत जाते, म्हणून ताक काचेच्या पारदर्शक भांड्यात उन्हाजवळ ठेवू नये.

दूध न पचणाऱ्या अनेकांना ताक चालते, त्यामागेही कारण आहे. विरजणातील जिवाणू दुधातील लॅक्टोज या साखरेचा काही भाग लॅक्टिक आम्लात बदलतात, आणि उरलेली साखर वरून घातलेल्या पाण्याने विरळ होते. शिवाय जिवंत जिवाणूंची मदत आतड्यात तिच्या पचनाला होते. मात्र ज्यांना दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी ताकही वर्ज्यच आहे, कारण प्रथिने आंबवल्याने नाहीशी होत नाहीत. लोहाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविके ताकाबरोबर घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे त्यांचे शोषण कमी होते. किती तासांचे अंतर ठेवायचे हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे.

मिठाचा मुद्दा बहुतेक वेळा दुर्लक्षित राहतो. एका पेल्यात घातलेले पाव लहान चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने संपूर्ण दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. दिवसातून दोन-तीन पेले खारट ताक घेणाऱ्याच्या निम्म्याहून अधिक मिठाची मर्यादा तिथेच संपते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ताक अळणीच प्यावे आणि चव भाजलेल्या जिऱ्याच्या पुडीने, किसलेल्या आल्याने, चिमूटभर हिंगाने आणि कोथिंबिरीने आणावी. ताक ताजे असेल तर मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. सैंधव वापरले म्हणजे सोडियम टळले, हा समज सोडून द्यावा; सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी फार कमी झाले असेल, तर ताकावर विसंबून न राहता जलसंजीवनी द्यावी.

घुसळताना

दूध उकळून कोमट झाल्यावर विरजण लावावे. बोट घातले असता सुखद ऊब लागेल, पण चटका बसणार नाही, इतपतच ते गरम असावे. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा ताजे, गोड विरजण पुरते. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते, थंडीत त्याला रात्रभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दही लागल्यावर ते बाहेर तसेच ठेवले तर आंबट होत जाते, म्हणून पिण्याच्या ताकासाठीचे दही लागताच थंड जागी हलवावे.

लोणी काढायचे असेल, तर सायीचे दही घुसळताना साधारण १० ते १५ अंश सेल्सियसच्या आसपास थंड असावे. दह्यातील स्निग्ध कण अर्धवट घट्ट असतील तेव्हाच ते एकमेकांना चिकटून लोण्याचे दाणे होतात. दही ऊबदार असेल तर लोणी सैल होऊन ताकातच पसरते, आणि अतिशय गार असेल तर दाणे जमतच नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात घुसळताना बर्फाचे पाणी आणि कडाक्याच्या थंडीत कोमट पाणी घालतात. लोणी येऊ लागले की रवी अचानक हलकी फिरू लागते, भांड्याच्या कडेला पिवळसर-पांढरे दाणे चिकटतात आणि खालचे ताक पातळ, किंचित निळसर दिसू लागते. या टप्प्यावर जोर न लावता रवी हळू फिरवावी, म्हणजे दाणे एकत्र येऊन गोळा होतो.

घुसळलेल्या ताकाचे एक वैशिष्ट्य दही मोडून केलेल्या ताकात येत नाही. दुधातील प्रत्येक स्निग्ध कणाभोवती लेसिथिनसारख्या फॉस्फोलिपिडांचे आणि प्रथिनांचे पातळ आवरण असते. घुसळताना हे आवरण फाटते आणि त्याचा मोठा भाग लोण्याबरोबर न जाता ताकात उतरतो. तेल आणि पाणी यांना एकजीव ठेवणारे हे घटक असल्यामुळे अशा ताकात भिजवलेले पीठ अधिक मऊसूत होते. केक, पाव किंवा धिरडी करायची असतील, तर लोणी काढलेले ताक मुद्दाम राखून ठेवावे.

आंबटपणा पाहून वापर

ताजे, गोडसर ताक पिण्यासाठी, मठ्ठ्यासाठी आणि भातावर घेण्यासाठी ठेवावे. एका दिवसाचे, जिभेला स्पष्ट आंबट लागणारे ताक कढीला आणि ताकातल्या पालेभाजीला योग्य. त्याहून आंबट ताक उकड, ढोकळा, धिरडी आणि मिरच्या भिजवणे यांसाठी वापरावे. ताजे ताक उकडीत घातले तर उकड बेचव होते, आणि आंबट ताक पिण्यासाठी साखर घालून सुधारण्याच्या नादात आरोग्याचा हेतूच बाजूला पडतो.

कढी फुटण्याची तक्रार अनेक जण करतात. ताकातील केसीन हे प्रथिन आम्लामुळे आधीच एकत्र यायला निघालेले असते आणि उष्णता मिळताच त्याच्या गुठळ्या होऊन पाणी वेगळे होते. बेसनातील पिष्टमय भाग या कणांच्या मधे येऊन त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून बेसन ताक थंड असतानाच, गुठळी राहू न देता मिसळले पाहिजे. चार वाट्या ताकाला दोन मोठे चमचे बेसन पुरते. आच मध्यमपेक्षा कमी ठेवून पहिली उकळी येईपर्यंत सतत एकाच लयीत ढवळत राहावे. बेसन शिजून दाटपणा आला की धोका बराच कमी होतो, तरीही खळखळून उकळू नये. मीठ शेवटी घालावे. शिजवल्यावर ताकातील जिवंत जिवाणू मरतात, परंतु प्रथिने आणि कॅल्शियम कायम राहतात, त्यामुळे कढी पोषणाच्या दृष्टीने वाया गेलेले ताक नव्हे. उकळत्या रस्साभाजीत ताक घालायचे असेल, तर आधी ताकात डावभर गरम रस्सा मिसळून ते कोमट करून घ्यावे.

पालक किंवा चाकवत ताकात शिजवण्याची रीत चवीपलीकडेही शहाणपणाची आहे. पालकातील ऑक्झॅलेट, म्हणजे मूतखड्याला हातभार लावणारा घटक, ताकातल्या कॅल्शियमशी आतड्यातच बांधले जाते आणि शरीरात कमी शोषले जाते. अर्थात बांधले गेलेले तेवढे कॅल्शियमही शरीराला मिळत नाही, हे लक्षात ठेवून जेवणात दह्या-दुधाचा दुसरा स्रोत असू द्यावा.

तांदळाची उकड हा आंबट ताकाचा सर्वांत प्रामाणिक उपयोग, असे मला वाटते, कारण त्यात ताकाची चव लपवायला दुसरे काही नसते. एका वाटी तांदळाच्या पिठाला तीन ते साडेतीन वाट्या पातळ आंबट ताक घेऊन पीठ त्यात थंडच कालवावे आणि मीठ घालावे. जाड बुडाच्या कढईत तेलावर मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि थोडी हळद यांची फोडणी करून त्यावर हे मिश्रण ओतावे. सुरुवातीची काही मिनिटे हात थांबू देऊ नये, कारण पीठ तळाशी बसून लगेच चिकटते. मिश्रण दाटले की आच मंद करून झाकण ठेवावे आणि दोन-तीन वेळा वाफ काढावी. कच्च्या पिठाचा वास गेला, उकडीवर तकाकी आली आणि ती कढईची कड सोडू लागली म्हणजे झाली. वाढताना वरून कच्चे तेल घ्यावे.

नाचणीच्या किंवा ज्वारीच्या आंबिलीत ताक दोन प्रकारे घालता येते. पीठ रात्रभर ताकात आंबवून सकाळी शिजवले, तर आंबण्याच्या क्रियेत धान्यातील फायटेटचे, म्हणजे खनिजे बांधून ठेवणाऱ्या घटकाचे, प्रमाण घटते आणि त्यातील लोह, जस्त यांसारखी खनिजे शरीराला अधिक मिळतात. याउलट पीठ पाण्यात शिजवून, गार करून, नंतर त्यात ताक मिसळले, तर ताकातील जिवाणू जिवंत राहतात. मला पहिली रीत अधिक मोलाची वाटते. दोन्ही लाभ हवे असल्यास आंबवलेले पीठ शिजवावे आणि गार झाल्यावर थोडे ताजे ताक वरून घालावे.

ढोकळा, धिरडी, केक यांत ताकातील आम्ल आणि खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून कर्बवायू सुटतो आणि पीठ फुलते. एक कप घट्ट, आंबट ताकाला अर्धा लहान चमचा सोडा हे प्रमाण बरोबर बसते. ताक पातळ असेल तर सोडा त्या मानाने कमी करावा. सोडा जास्त झाला, तर आम्लाने तो पूर्ण निवत नाही, पदार्थाला साबणासारखी चव येते आणि हळद घातलेल्या ढोकळ्यावर तांबडे ठिपके उमटतात, कारण अल्कलीत हळदीचा रंग लाल होतो. सोडा मिसळल्यानंतर पीठ ताटकळत ठेवू नये; वायू निघून जाण्यापूर्वी ते भांड्यात ओतून वाफेला लावावे.

चिरलेले केळफूल, कच्ची केळी किंवा वांगी काळी पडू नयेत म्हणून ताक मिसळलेल्या पाण्यात ठेवावीत, कारण आम्लामुळे त्यांना काळे करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम मंदावते. केळफूल तर असे रात्रभर ठेवले तरी चालते आणि त्याचा तुरटपणाही कमी होतो. मांस ताकात मुरवल्यास ते सौम्यपणे मऊ होते. मुरवण्याचे काम मात्र फ्रीजमध्येच करावे.

साठवण

पिण्याचे ताक मीठ-मसाला न घालता फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चांगले राहते. ते आंबट झाले, तर वरची निवळ ओतून तेवढेच ताजे पाणी घालण्याची रूढ युक्ती उपयोगी पडते, कारण आम्लाचा बराच भाग निवळीबरोबर जातो. त्याबरोबर रायबोफ्लेविन आणि पोटॅशियमही जात असल्याने ती निवळ फेकू नये; पोळीची किंवा भाकरीची कणीक भिजवायला ती वापरावी. ताकावर गुलाबी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली, ते तार धरू लागले किंवा कडू लागले, तर त्याचा कोणताही उपयोग न करता टाकून द्यावे आणि त्यातले विरजणही पुढे चालवू नये. ताक काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवावे. ॲल्युमिनियमच्या आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ते कळकते, आणि असे कळकलेले ताक शिजवूनही खाण्याजोगे होत नाही.