जुन्या देवळाच्या दरजा भरताना सिमेंट नको, चुना वापरा

जीर्णोद्धाराच्या उत्साहात विटा-चुन्याच्या शिखराला सिमेंट लावलं जातं आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडत असतं. सिमेंट ती वाट अडवतं. मग पाणी विटेतून बाहेर पडतं, सोबतचे क्षार विटेत साचतात आणि तिचे पापुद्रे सुटतात. सिमेंट मात्र शाबूत दिसतं, त्यामुळे दोष त्याला कुणी देत नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी बसवलेल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या, संगमरवर तडकला. पुढे त्या जागी टायटॅनियम घालावं लागलं.

वास्तू केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित असेल, तर लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.

कळीचा (न विझवलेला) चुना लोखंडी पिंपातल्या पाण्यात थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, तो उसळून डोळ्यांत उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विझलेला चुना गाळून घ्या, वर चार बोटं पाणी राखून किमान महिनाभर मुरवा. इथे घाई केली, तर न विझलेले खडे पुढे भिंतीत फुगतात आणि फोड येतात.

दरजा छिन्नी-हातोडीनं, रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी खोल उकरा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो. जुनं सिमेंट कडा फोडल्याशिवाय निघत नसेल, तर तेवढं राहू द्या.

मापानं एक भाग चुना, तीन भाग धुतलेली, खरबरीत नदीची वाळू. ओल जास्त असेल तिथे तीनपैकी एक भाग वाळूऐवजी कमी आचेवर भाजलेल्या विटेची सुरखी, म्हणजे भुकटी. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. ‘लवकर बसावं’ म्हणून गवंडी मूठभर सिमेंट टाकू पाहील. तिथे ठाम राहा. आधी कोपऱ्यात फूटभर नमुना भरून रंग आणि तडे तपासा.

आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी दरजा भिजवा. थर २० मिमीपेक्षा जाड नको. प्रत्येक थर दाबून बसवा, तो घट्ट झाल्यावरच पुढचा द्या. शेवटचा थर दगड-विटेच्या किंचित आत ठेवा.

काम पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत करा. उन्हात चुना झटकन सुकून भुकटी होतो. दहा दिवस ओलं गोणपाट लटकवा, पण प्लास्टिकनं गच्च झाकू नका: चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच कडक होतो. नंतर रंग हवाच असेल तर चुन्याचाच द्या. ऑइल पेंट सिमेंटसारखाच ओल कोंडतो.