औषधांच्या जुन्या काचेच्या बरण्या : अडकलेले बूच कसे सोडवावे

नागपूरच्या महाल-इतवारीतल्या एखाद्या जुन्या दुकानाची आवराआवर निघाली, की औषधविक्रेत्यांच्या काचेच्या बरण्या कधीकधी हाती लागतात. दिवाणखान्यात त्या अतिशय देखण्या दिसतात. घेताना काचेचे बूच मूळचेच आहे ना, एवढे नक्की पाहावे, कारण ते त्याच बरणीच्या मानेत घासून बसवलेले असते आणि दुसरे तिला नेमके बसत नाही.

खरी कसोटी अडकलेल्या बुचाची. उकळते पाणी ओता, पक्कडीने पिळा, असे सल्ले सर्रास दिले जातात आणि चांगल्या बरण्या त्यांनीच फुटतात. सांध्यावर ग्लिसरीनचे थेंब सोडून बरणी रात्रभर तशीच ठेवावी. घासलेली काच दुधाळ दिसते. ग्लिसरीन आत झिरपू लागले, की तोच पट्टा वरून खाली पारदर्शक होत जातो. तो बराचसा पारदर्शक होईपर्यंत जोर लावू नये. थेंब पुन्हा सोडावेत आणि वाट पाहावी.

मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके फक्त मानेभोवती गुंडाळावे. बाहेरची मान आधी तापून किंचित प्रसरण पावते, आतले बूच तेवढा वेळ थंड राहते, आणि सगळे काम या फरकावरच होते. म्हणूनच नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांवर असताना, हा खटाटोप करू नये. तेव्हा दोन्ही काचा सारख्याच तापलेल्या असतात. पहाटेची वेळ उत्तम. फडके काढताच बुचाच्या दोन्ही बाजूंना लाकडी चमच्याच्या दांड्याने आळीपाळीने हलके ठोकावे, आणि हाताला जाड टॉवेल गुंडाळून बूच फिरवावे. सुटू लागले, की ठोक्याचा आवाज बदलतो.

आत भुकटी किंवा डाग असतील, तर वास घेऊन पाहू नये. जुन्या औषधांत पारा आणि आर्सेनिक यांची संयुगे असत; हातमोजे घालावेत, आणि अशा बरणीत मसाले किंवा गोळ्या-बिस्किटे कधीही ठेवू नयेत.

नावपट्टी काचेच्या पातळ तुकड्याखाली बसवलेली असेल, तर बरणी पाण्यात बुडवू नये. कडेने पाणी शिरून सोनेरी अक्षरे खराब होतात. ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

मांडताना थेट ऊन टाळावे, कारण मँगनीज असलेली जुनी रंगहीन काच उन्हात वर्षानुवर्षे राहिली, की जांभळट होते. बूच आणि मान यांच्यामध्ये कागदाची पातळ पट्टी ठेवावी, म्हणजे ते पुन्हा अडकत नाही.