एआय लावलं आणि कस्टमर तुटले? या चुका टाळा

कस्टमरला आपोआप उत्तरं देणारा चॅटबॉट बसवला, रिप्लाय सेकंदात जायला लागले, तिकिटांचा (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींचा) ढीग उतरला, डॅशबोर्ड हिरवागार, आणि तरी जुने कस्टमर एकेक करून गुपचूप निघून चाललेत, असं तुमच्याकडे होत असेल तर लगेच बॉटला शिव्या घालू नका. बॉट बहुतेक वेळा ठीकच असतो, आपणच त्याला नको तिथे उभं केलेलं असतं. मी कस्टमर सपोर्टचं काम करते, बॉट बसवणाऱ्यांपैकीच एक आहे, त्यामुळे खालच्यातल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या करून झाल्यात.

माणसाकडे जायचं दार लपवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मुद्दाम केलेली. आमचंच एक चॅट बघा, नावगाव काढून टाकलंय:

कस्टमर: पैसे दोनदा कापले गेलेत
बॉट: पेमेंटबद्दल माहिती हवी आहे का? हा लेख वाचा.
कस्टमर: वाचला. दोनदा कापलेत
बॉट: हा लेख उपयोगी पडला का?
कस्टमर: माणूस द्या
बॉट: मी तुमची मदत करू शकतो! पेमेंटबद्दल माहिती हवी आहे का?
कस्टमर: माणूस
कस्टमर: माणूस

आणि गंमत म्हणजे आमच्या रिपोर्टमध्ये हे चॅट "सुटलं" या खात्यात जमा झालं होतं! कारण काय, तर शेवटच्या मेसेजनंतर अर्धा तास समोरून काहीच आलं नाही, म्हणजे प्रश्न मिटला असं सिस्टीमने धरलं. माणूस कंटाळून निघून गेला आणि आम्ही ते यश म्हणून मोजत बसलो.

यावर उपाय फार अवघड नाहीत. कोणी "माणूस" म्हटलं की पहिल्याच वेळी जोडून द्यायचं, दुसऱ्यांदा विचारायची वेळ आणायची नाही. बॉटची दोन उत्तरं लागू पडली नाहीत तर तिसरं द्यायचंच नाही. पैसे अडकलेत, अकाउंट बंद झालंय, सेवा बंद करायचीय, असले विषय थेट माणसाकडे. आणि तोच कस्टमर आठवडाभरात तीच तक्रार घेऊन परत आला नाही तरच तिकीट सुटलं म्हणायचं (हा बदल केल्यावर तुमचा आकडा धाडकन खाली येईल, बॉसला आधीच सांगून ठेवा). रात्री कोणी नसेल तर "जोडतोय, कृपया थांबा" असं खोटं सांगू नका, सकाळी किती वाजेपर्यंत फोन येईल ते सांगा, आणि मग तो फोन गेलाच पाहिजे.

जोडून दिल्यावरही एक खड्डा आहे. बॉटने बनवलेला सारांश एजंटला, म्हणजे सपोर्टच्या माणसाला, दिसतो, "पेमेंटविषयी चौकशी". आता यात तो माणूस किती वैतागलाय ते कुठे आहे? सारांशात विषय उरतो, राग गळून जातो, मग एजंट फ्रेश आवाजात "बोला, काय मदत करू?" म्हणतो आणि समोरचा फुटतो. त्यामुळे आमच्याकडे आता नियमच आहे, शेवटचे पाच-सहा मेसेज स्वतः वाचायचे, मगच तोंड उघडायचं.

"ते बॉटने सांगितलं, आम्ही नाही"

एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरच्यांच्या निधनासाठी प्रवास करणाऱ्यांना जी सवलत मिळते तिचा अर्ज तिकीट काढल्यावर ९० दिवसांच्या आत करता येतो. त्याची आजी वारली होती. त्याने तिकीट काढलं, नंतर अर्ज केला, आणि कंपनीने नकार दिला. प्रकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या ट्रायब्युनलपुढे (न्यायाधिकरणापुढे) गेलं, तिथे कंपनीचं म्हणणं असं की चॅटबॉट ही वेगळीच कायदेशीर व्यक्ती आहे, तिने काय सांगितलं त्याला तीच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायब्युनलने हे उडवून लावलं आणि व्याज-फी धरून साधारण ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. एका विमान कंपनीला ही रक्कम म्हणजे काहीच नाही हो, पण तेवढ्यासाठी आजी गेलेल्या माणसाशी भांडत बसलेली कंपनी सगळ्या जगाने बघितली.

तुमच्या बॉटने चुकीचा शब्द दिला तर आधी तो पाळा, मग बॉट दुरुस्त करा, उलट्या क्रमाने नाही. आणि आठवड्यातून एकदा वीसेक चॅट हाताने वाचत जा, रिपोर्ट नाही, चॅट.

सांत्वनाचा मजकूर मशीनकडून

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला, तेव्हा व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या पीबॉडी कॉलेजमधल्या एका ऑफिसने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा मेल पाठवला, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मजकूर चॅटजीपीटीवरून घेतलाय. विद्यार्थी भडकले, माफी मागावी लागली. मजकूर वरवर ठीकच होता, पण लिहिताना कोणाला काही वाटलंच नव्हतं, आणि लोकांना नेमकं तेच लागलं.

आपल्याकडे हीच चूक छोट्या आकारात रोज होते. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत", एकाच माणसाला तिसऱ्यांदा. ड्राफ्ट एआयकडून घ्या, मीही घेते, पण पाठवायच्या आधी बघा की हे वाक्य जसंच्या तसं दुसऱ्या कस्टमरला चाललं असतं का. चाललं असतं तर ते खोडा. वरच्या चॅटमधल्या माणसाला शेवटी गेलेला मेसेज असा होता: "पैसे दोनदा कापलेले मला दिसतायत, चूक आमचीच आहे. दुसरी रक्कम आत्ता परत पाठवली, खात्यात दिसायला काही दिवस लागतात. शुक्रवारी मी स्वतः बघून तुम्हाला कळवते." शुक्रवारी कळवलंही.

बॉटला माणसाचं नाव आणि हसरा फोटो देऊ नका, हे जाता जाता. १९६६ च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकाने एलायझा नावाचा अगदी साधा बोलणारा प्रोग्रॅम केला होता, तर त्याच्याच सेक्रेटरीने त्या प्रोग्रॅमशी बोलताना त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला माहीत होतं की हे मशीन आहे, तरी! मशीनशी बोलायला लोकांची फारशी ना नसते, फसवलं गेल्यावर मात्र डोकं फिरतं.

बॉटमुळे वाचलेला वेळ खिशात घालणं

क्लार्ना या स्वीडनच्या पेमेंट कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलं की त्यांचा एआय दोन तृतीयांश चॅट सांभाळतो, ७०० एजंटांइतकं काम करतो. २०२५ मध्ये त्यांचेच सीईओ सेबास्टियन सिमियात्कोव्स्की म्हणाले की खर्चाकडे जरा जास्तच बघितलं गेलं, दर्जा घसरला, आणि परत माणसं घ्यायला सुरुवात केली.

यातली एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. सोपे प्रश्न सगळे बॉट खातो, एजंटकडे उरतात फक्त चिडलेले, रडवेले, अडकलेले. दिवसभर तेच, मध्ये श्वास घ्यायला "पासवर्ड विसरलो"वाला एकसुद्धा नाही. आणि नवीन मुलं शिकणार कशावर, पहिल्याच दिवशी आगीत? आम्ही आता नवीन एजंटसाठी काही सोपी तिकिटं मुद्दाम बॉटकडून काढून ठेवतो, आणि एका मर्यादेपर्यंतचं रिफंड कोणाला न विचारता द्यायचा अधिकार दिलाय, कारण "वरती विचारून सांगतो" म्हणणारा माणूस आणि बॉट यात कस्टमरला काय फरक?

शेवटचं, स्वतः टेस्ट करा. ऑफिसच्या लॉगिनवरून नाही, अनोळखी नंबरवरून, रात्री, चुकीच्या स्पेलिंगमध्ये तक्रार टाका आणि खऱ्या माणसापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. मला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली होती, आणि तो बॉट मीच सेट केलेला, कुठलं बटण कुठे आहे ते मला पाठ होतं.