प्राचीन ग्रीक संस्कृतीचा अभ्यास कसा करावा : आधी नकाशा, मग माणूस

ग्रीक संस्कृतीची ओळख करून घेऊ इच्छिणारे बहुतेक वाचक थेट सॉक्रेटिसपासून आरंभ करतात आणि एवढे विचारवंत त्याच भूमीत का निपजले, हा प्रश्न मनात तसाच ठेवून पुस्तक मिटतात. त्याऐवजी पहिल्या दोन संध्याकाळी तत्त्वज्ञानाला हातही लावू नये. अप्पा बळवंत चौकातून एक बऱ्यापैकी नकाशासंग्रह आणि ट्रेसिंग पेपरचे चार कागद आणावेत. ग्रीसच्या प्राकृतिक नकाशावर कागद ठेवून तपकिरी पेन्सिलीने केवळ डोंगररांगा आणि निळ्या पेन्सिलीने केवळ किनारा गिरवावा. तपकिरी रंगाने कागद भरत जातो आणि सपाट जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. निळी रेघ मात्र इतकी वळणे घेते की हात दुखू लागतो. हे हाताने गिरवल्याशिवाय नीट उमगत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर अंतरांचा अंदाज घ्यावा. अथेन्सच्या ताब्यातील अटिका हा प्रदेश सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा. आपल्या पुणे जिल्ह्यात तसे सहा प्रदेश मावतील. अथेन्स आणि थीब्ज ही एकमेकांशी हाडवैर असलेली नगरराज्ये, पण त्यांच्यातील अंतर ढोबळमानाने पुण्याहून लोणावळ्याइतकेच होते. एवढ्या जवळ राहून दोन स्वतंत्र राज्ये, दोन सैन्ये आणि दोन नाणी कशी टिकली, हे मधल्या किथेरॉन आणि पार्नेस या डोंगरांकडे पाहिल्यावर पटते.

पुणेकराला ही गोष्ट समजण्यास फारसे सायास पडू नयेत. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पाहिले की एकामागे एक सोंडा दिसतात आणि दोन सोंडांमधले प्रत्येक खोरे म्हणजे एक मावळ, हे ध्यानात येते. त्या खोऱ्याचा देशमुख वेगळा आणि त्याचे मानपानही वेगळे. तरीही हे साम्य फार ताणू नये. मावळातील माणसाला समुद्र गाठण्यासाठी घाट उतरावा लागे, तर ग्रीक खोऱ्याचे तोंड बहुधा समुद्राकडेच उघडे असे आणि पुढे बेटांची रांग दिसे. डोंगराने शेजाऱ्याला दूर ठेवले आणि पाण्याने परक्याला जवळ आणले, ही जोडी तेथील वैशिष्ट्य आहे. आपण बेडूक डबक्याभोवती राहतात तसे समुद्राभोवती राहतो, असे प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातले आहे, ते उगाच नव्हे.

आता वहीच्या पानावर दोन रकाने पाडावेत. एकावर ‘जागा’ आणि दुसऱ्यावर ‘निवड’ असे लिहावे. भूमीने जे दिले किंवा नाकारले ते पहिल्या रकान्यात आणि माणसांनी त्यावर जे ठरवले ते दुसऱ्यात नोंदवावे. उदाहरणार्थ, अटिकेची जमीन हलकी, गव्हापेक्षा ऑलिव्हला मानवणारी, ही झाली जागा, इ.स.पू. ५९४ मध्ये सत्तेवर आलेल्या सोलोनने ऑलिव्ह तेल वगळता इतर शेतमालाच्या निर्यातीस बंदी केली, ही निवड. लॉरिअनच्या खाणीत इ.स.पू. ४८३ च्या सुमारास चांदीचा नवा साठा सापडला, ही जागा. ती चांदी प्रत्येक नागरिकाला १० द्राख्मा (चांदीची नाणी) अशी वाटून टाकण्याचा बेत बाजूला सारून अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीज याच्या आग्रहावरून नागरिकांच्या सभेने आरमार बांधले, ही निवड. त्या आरमाराने इ.स.पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या सामुद्रधुनीत इराणी ताफ्याचा पराभव केला. एका युद्धनौकेला सुमारे १७० वल्हेकरी लागत आणि ते बहुतांशी गरीब नागरिक असत. नगर ज्यांच्या हातांनी वाचले, त्यांचे म्हणणे सभेत टाळणे पुढे अवघड होऊन बसले.

या टप्प्यावर मानवकेंद्री विचाराकडे वळावे आणि तेही अथेन्सपासून नव्हे, तर आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियापासून. मिलेटससारख्या बंदरात अनेक देशांचा माल आणि अनेक देशांचे देव एकाच धक्क्यावर उतरत. त्याच किनाऱ्यावरच्या कोलोफोनचा झेनोफेनीज म्हणाला की, बैलांना हात असते तर त्यांनी आपले देव बैलांसारखेच रेखाटले असते. पुढे प्रोटॅगोरसने माणूस हाच सर्व गोष्टींचा मापदंड आहे असे मांडले, तर हिपोक्रेटीसच्या परंपरेतील वैद्यांनी अपस्मारासारख्या ‘पवित्र’ समजल्या जाणाऱ्या रोगालाही इतर रोगांसारखीच नैसर्गिक कारणे असतात असे लिहिले.

सर्वाधिक वेळ मात्र अथेन्सचा सुधारक क्लीस्थेनीज याला द्यावा. इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये त्याने अटिकेतील नागरिकांची १० गणांत नव्याने विभागणी केली आणि प्रत्येक गणात नगराचा एक, किनाऱ्याचा एक आणि अंतर्भागाचा एक असे तीन तुकडे घातले. म्हणजे कोळी, डोंगरालगतचा शेतकरी आणि शहरातला कुंभार एकाच गणात मतदान करू लागले आणि एकाच तुकडीत लढू लागले. आपल्याकडे कर्जतचा एक भाग, भोरचा एक भाग आणि कसबा पेठ मिळून एक मतदारसंघ करावा, तसाच हा प्रकार. येथे नकाशा माणसाला घडवत नाही, तर माणूस नकाशाच फिरवतो.

‘निवड’ या रकान्यात एक ओळ न विसरता लिहावी : स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी यांना सभेत स्थान नव्हते. स्पार्टाचीही नोंद करावी, कारण टायगेटससारख्या उंच पर्वताच्या कुशीत राहूनही त्या नगराने पर्वतापलीकडचा मेसेनिया जिंकून तेथील लोकांना शेतमजुरीस जुंपले आणि त्यांच्यावर पहारा ठेवण्यात आपले आयुष्य घालवले. डोंगर सारखेच, उत्तर वेगळे.

अभ्यासाच्या शेवटी एक रविवार कार्ल्याच्या लेण्यासाठी राखून ठेवावा. ‘यवन’ हा आपला शब्द आयोनिया या नावाशी जोडलेला आहे आणि तेथील चैत्यगृहाच्या काही खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी ते खांब दान केल्याचे ब्राह्मी लेख आहेत. ते थेट अथेन्सहून आले होते, असे समजण्याचे कारण नाही. त्यांची नावे भारतीय वळणाची आहेत. सकाळी लवकर जावे, सोबत बॅटरी ठेवावी आणि उजेड खांबावर समोरून न टाकता बाजूने टाकावा, म्हणजे अक्षरे उठून दिसतात.