हॉस्पिटलची बॅग नवऱ्याकडूनच भरून घ्या

गरोदरपणाचा छत्तिसावा आठवडा लागायच्या आत बाळंतपणाची बॅग भरून दाराजवळ ठेवा, कारण ३७ आठवड्यांच्या आधीही कळा सुरू होऊ शकतात. आणि खरं सांगू का, ती बॅग स्वतः भरू नका, तुम्ही खुर्चीत बसून सांगा आणि जो सोबत येणार आहे त्याला भरू दे, म्हणजे ऐनवेळी "टॉवेल कुठंय गं?" असं कळा देत असताना ऐकावं लागत नाही. फाइल, रिपोर्ट, ब्लड ग्रुपचा कागद सगळ्यात वरच्या कप्प्यात. तुमच्यासाठी पुढून उघडणारे सैल गाऊन, मोठे पॅड, लांब वायरचा चार्जर. बाळाचे कपडे नवे असले तरी एकदा धुवून, आतली लेबलं कापून, एक झबलं टोपी लंगोट अशी एकेक जोडी वेगळ्या पिशवीत बांधा, नर्सने मागितलं की एक पिशवी काढून द्यायची, बस. न्यूबॉर्न साइजचे कपडे मात्र ढीगभर घेऊ नका, बाळं फार पटकन वाढतात.

आणि हो, बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर बॅग राहू दे, आधी हॉस्पिटल गाठा.