जुन्या बुलेटचे कॅम आणि पुशरॉड बदलण्याआधीची तयारी

ही यादी कास्ट आयर्न इंजिनच्या 350 बुलेटची आहे: 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोक, 346 सीसी. यात कॅम टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे ढिलाई तेलाने आपोआप भरून काढणारे टॅपेट असतात, तिथे यातलं बरंचसं लागू होत नाही. या जुन्या इंजिनात एकच लांब कॅमशाफ्ट नसतो. इनलेट आणि एक्झॉस्टचे दोन वेगळे कॅम असतात, प्रत्येकाला आपलं दातेरी चाक असतं आणि दोन्ही क्रँककेसमधल्या स्पिंडलवर (पक्क्या दांड्यांवर) फिरतात. एकच झिजला असला तरी जोडीच घ्यायची.

टायमिंग कव्हरला, म्हणजे कॅमवरच्या झाकणाला, पाना लावण्याआधी दोष कॅमचाच आहे ना, हे बघा. टकटक ऐकली की 'कॅम गेले' म्हणून मोकळे होणारे मिस्त्री कमी नाहीत. पण झिजलेला रॉकर, ढिला टॅपेट गाइड आणि सिलिंडरमध्ये आपटणारा पिस्टनही असाच आवाज करतो. थंड इंजिनवर टॅपेट नीट लावा आणि दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवा. ते पुन्हा ढिले पडले, तर कॅमच्या नाकावरचा (फुगीर टोकावरचा) किंवा टॅपेटच्या तळाचा कडक थर गेला असण्याचीच शक्यता जास्त. काढलेल्या तेलात चुंबक फिरवा. चिकटलेला काळसर चुरा लोखंडाचा. चुंबकाला न लागणारी चमक पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, तिचा उगम दुसरीकडे शोधायचा.

सामान पूर्ण हातात आल्याशिवाय तेल काढायचं नाही. दोन कॅम, दोन टॅपेट, दोन पुशरॉड, टायमिंग कव्हरचं कागदी पॅकिंग, रॉकर कव्हरची दोन पॅकिंग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचे आणि रॉकरच्या ऑइल पाइपचे तांब्याचे वॉशर आणि टायमिंग कव्हरच्या आत बसणारं बुचाचं सील. हे सील काही रुपयांचं असतं आणि नेमकं तेच विसरतं. पंपाचं तेल कव्हरमधून क्रँकच्या टोकात जातं, ते याच सीलच्या भरवशावर. कव्हर उघडलं की जुनं सील फेकायचंच, कारण ते दबून कडक झालेलं असतं. तेच परत लावलं तर तेल बाजूने निसटतं आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) कोरडं पडायला लागतं. नवं सील आदल्या रात्री तेलात भिजत टाका. 20डब्ल्यू-50 तेलाचा 5 लिटरचा कॅन घ्या. इंजिनात सुमारे 2.25 लिटर बसतं, पण ते लवकरच पुन्हा बदलायचं आहे.

टॅपेट 'चांगले दिसतात' म्हणून जुनेच ठेवण्याची काटकसर महागात पडते. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या कॅमच्या आकाराने झिजलेला असतो. त्यावर नवा कॅम फिरला की सगळा भार एका बारीक कडेवर येतो आणि नव्या कॅमचं नाक थोड्याच दिवसांत खरवडलं जातं. टॅपेट गाइडमध्ये डावी-उजवीकडे हलतो का, हेही बघा. हलत असेल तर गाइड बदलायला सिलिंडर उतरवावा लागतो. काम दुप्पट होतं, आणि ते आधी कळलेलं बरं.

पुण्यात नाना पेठेत पार्ट घ्यायला जाताना जमल्यास जुना कॅम आणि व्हर्नियर सोबत न्या. गाडी अजून उघडलेली नसेल, तर निदान बदलून मिळेल अशा बोलीवर आणि पक्क्या बिलावरच माल उचला. दुकानातच चार गोष्टी बघायच्या. दोन्ही कॅमवरचे, दाते जुळवायच्या मार्कचे ठिपके स्पष्ट आहेत का. दात्यांच्या कडांवर बोटाला लागणारी चिरी आहे का. घासला जाणारा पृष्ठभाग आरशासारखा आहे की लेथच्या रेघा दिसतात. आणि बारीक कानस चाकाच्या नव्हे, तर कॅमच्या बिनकामाच्या कडेवर हलकेच ओढली तर ती घसरते की रुतते. रुतली तर माल मऊ आहे, भाव कितीही चांगला असला तरी परत करा. पुशरॉड काचेच्या काउंटरवर लोळवा. वाकडा रॉड लगेच उड्या मारतो, नाहीतर खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतो. रॉडची पोलादी टोकं हाताने फिरवून बघा. टोक जरा जरी फिरलं, तर रॉड नको. इनलेट-एक्झॉस्टचे रॉड आपसात बदलायचे नाहीत, म्हणून घरी आल्यावर लगेच चिकटपट्टी लावून नावं लिहा.

हत्यारांत मेट्रिक पाने पुरत नाहीत. या इंजिनात व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे बोल्ट आहेत आणि 'जवळपास बसणारा' मेट्रिक पाना त्यांचे कोपरे गोल करतो. बोहरी आळीत मिळाले नाहीत, तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जुने व्हिटवर्थ पाने सापडतात. जबडा पसरलेला नाही ना, एवढं पाहून घ्या. टायमिंग कव्हरच्या स्क्रूंसाठी इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर हवाच. शिवाय फीलर गेज, मॉलिब्डेनम ग्रीस, धागे न सुटणारी चिंधी, पांढरा रंग आणि जाड पुठ्ठा. पिनियन (कॅमना फिरवणारं क्रँकवरचं छोटं दातेरी चाक) बदलायची वेळ आली तरच तिच्यापुढचा ऑइल पंपाचा वर्म नट काढायचा, आणि त्याला उलटे आटे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावला की तो आणखी आवळतो.

लेथचं काम निघू शकतं: एखादा आटा गेलेला असतो, स्पिंडलवर कॅम घट्ट बसतो. म्हणून काम गुरुवारी काढू नका. पुण्यातल्या औद्योगिक भागात त्या दिवशी सुट्टी, आणि महावितरणची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी.

आदल्या दिवशी इंजिन धुऊन कोरडं करा. टॅपेट कव्हरच्या वरची माती आत पडली, तर ती थेट नव्या कॅमवर जाते. टाकी उतरवा, प्लग काढा. कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन वरच्या टोकाला आणा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि रॉकरवर स्प्रिंगचा जोर नसतो. जोर असताना रॉकरचे ब्लॉक सोडले तर ते तिरके होऊन आटे ओढतात. इग्निशनच्या पॉइंटचं कव्हर काढून आतला रोटर कुठे बघतोय त्याचा फोटो काढा, बॉडीवर खूण करा. तेलाचे ड्रेन बोल्ट दोन आहेत, दोन्ही सोडा. पुठ्ठ्यावर टायमिंग कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचा. त्यांची लांबी वेगवेगळी आहे, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की केस फुटते. जुने कॅम काढण्याआधी ठिपके जुळलेल्या स्थितीचा फोटो घ्या आणि त्यांना पांढरा रंग लावा.

नवे कॅम बसवताना आधी कोरडी चाचणी घ्या. पॅकिंगसह कव्हर लावून चार स्क्रू आवळा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते. कुठे अडकलं तर जोर न करता थांबा. बहुतेकदा स्पिंडलवरचा वॉशर गरजेपेक्षा जाड असतो किंवा एक दात चुकलेला असतो. कॅमला आत-बाहेर किंचित खेळ राहिला पाहिजे. मग सगळं उघडून कॅमची नाकं आणि टॅपेटचे तळ मॉलिब्डेनम ग्रीसने माखा. पॅकिंगला सिलिकॉन थापू नका: आत दबलेला त्याचा तुकडा सुटला की तेलाच्या भोकात जाऊन बसतो.

टॅपेट थंड इंजिनवर शून्य ढिलाईने लावायचे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. अ‍ॅडजस्टर रॉडच्या खालच्या टोकाला आहे. लॉकनट आवळताना माप हलतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा. पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिमी, आणि पूर्ण रिटार्डला (स्पार्क सर्वांत उशिरा पडतो त्या स्थितीत) स्पार्क पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिमी आधी. कॅमना हात लावला की इग्निशन तपासावंच लागतं, कारण दोन्ही एकमेकांत अडकलेल्या एकाच दातेरी चाकांच्या रांगेवर चालतात.

सुरू करण्याआधी फिल्टरच्या कोठीत तेल भरा, रॉकरच्या पाइपचा वरचा बोल्ट ढिला करा आणि प्लग काढलेल्या स्थितीत, तिथे तेल येईपर्यंत किक मारा. सुरू झाल्यावर आयडलिंगवर रेंगाळू देऊ नका. सपाट तळाच्या टॅपेटला सुरुवातीला तेलाचा शिडकावा हवा असतो आणि तो कमी वेगात पुरेसा मिळत नाही. पण हवेवर थंड होणारं इंजिन स्टँडवर वीस मिनिटं तापवणंही बरोबर नाही. पाच-सात मिनिटं पुढे पंखा लावून जरा चढत्या वेगात ठेवा, मग सपाट रस्त्यावर, सोलापूर रोडसारख्या, वेग कमी-जास्त करत फिरवा. कात्रजचा घाट त्या दिवशी नको. रात्रभर थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासा, आणि दीडशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलताना चुंबक परत फिरवा. थोडी काळी पूड चालेल. बोटाला टोचणारे कण आले तर कव्हर पुन्हा उघडायचं.